जुनी पोलादी माउंटन सायकल आणि सामानासह लांबचा प्रवास : वाचकांचे प्रश्न

पावसाळा सरत आला की या सदराकडे सायकलीविषयीची पत्रे वाढू लागतात. यंदा त्यांतली बरीचशी एकाच विषयाभोवती आहेत : घरात पडून असलेली जुनी पोलादी माउंटन सायकल सामान लादून लांबच्या प्रवासाला नेण्याजोगी करता येईल का, आणि येत असेल तर सुरुवात कुठून करावी. निवडक पत्रांचा सारांश आणि उत्तरे पुढे देत आहे.

प्रश्न : माझ्याकडे १९९० च्या दशकात घेतलेली अठरा गिअरची पोलादी माउंटन सायकल आहे. पुढे किंवा मागे शॉकॲब्जॉर्बर नाही. पोलाद कोणत्या जातीचे ते ठाऊक नाही, बहुधा साधेच असावे. अनेक वर्षे ती जिन्याखाली उभी आहे. हिवाळ्यात तंबू आणि स्वयंपाकाचे थोडे साहित्य घेऊन रेवसपासून रेडीपर्यंत किनाऱ्याने जाण्याचा विचार आहे. या सायकलीवर खर्च करावा की प्रवासासाठी बनवलेली नवी सायकल घ्यावी?
— एक वाचक, सातारा

उत्तर : फ्रेम सरळ आणि निर्दोष असेल, तर याच सायकलीवर खर्च करावा असे माझे स्पष्ट मत आहे. १९८१ साली कॅलिफोर्नियात विक्रीला आलेली स्पेशलाइज्ड कंपनीची स्टम्पजम्पर ही कारखान्यात मोठ्या संख्येने तयार झालेली पहिली माउंटन सायकल मानली जाते. तिचे तीन चेनव्हीलचे (पुढच्या दातेरी चक्रांचे) क्रँक, म्हणजे पेडलचे दांडे, आणि रिमच्या दोन्ही बाजूंना खुंट्यांवर बसणारे कँटिलिव्हर ब्रेक हे फ्रान्समधल्या प्रवासी सायकलींच्या आणि दोघांनी चालवायच्या जोडसायकलींच्या साहित्यातून घेतलेले होते, कारण चढावर लागणारे हलके गिअर आणि जड वजन थोपवणारे ब्रेक त्या काळी तिथेच मिळत. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत निघालेल्या बिनशॉकच्या पोलादी माउंटन सायकलींमध्ये हा वारसा टिकून राहिला. त्यांत मागच्या चाकाचा आस पेडलच्या आसापासून पुरेसा लांब असतो, त्यामुळे पिशव्यांना टाच लागत नाही. जाड टायर आणि मडगार्ड दोन्ही मावतील एवढी जागा असते. आणि सव्वीस इंची चाक आकाराने लहान असल्यामुळे मुळातच दणकट असते. मागेही शॉक असलेल्या फ्रेमवर मात्र या कामासाठी एक रुपयाही घालू नये, कारण तिथे कॅरिअरला स्थिर आधार मिळत नाही.

दुकानात जाण्याआधी घरीच करायचे काम म्हणजे फ्रेमची तपासणी. सायकल स्वच्छ धुऊन, कोरडी करून उन्हात न्यावी आणि हँडलच्या नळीला खालची तिरकी नळी जिथे जोडलेली असते त्या सांध्याची खालची बाजू, पेडलच्या आसाभोवतीचे सांधे आणि मागच्या चाकाचा आस ज्या खाचांत बसतो त्या पट्ट्या, ही तीन ठिकाणे बोटाने चाचपून आणि डोळ्यांनी निरखून पाहावीत. रंगाला केसासारखी आडवी रेघ दिसली किंवा सांध्याजवळ रंगाला सुरकुती पडलेली असली, तर तो नुसता रंगाचा दोष आहे असे समजून पुढे जाऊ नये. समोरून आदळलेल्या सायकलीची पहिली खूण नेमकी हँडलच्या नळीच्या त्या सांध्यापाशीच उमटते.

त्यानंतर दोरीने फ्रेमचा सरळपणा पाहावा. मागचे चाक काढावे, एका खाचेला बारीक मजबूत दोरी बांधून ती हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खाचेपर्यंत ताणून आणावी, आणि सीटची नळी व दोरी यांमधले अंतर दोन्ही बाजूंनी पट्टीने मोजावे. दोन मापांत एक-दोन मिलिमीटरचा फरक असला तर चालतो, पण तो तीन-चार मिलिमीटरच्या पुढे गेला तर फ्रेम वाकलेली आहे आणि सामान लादल्यावर ती सरळ रेषेत धावणार नाही. सीटचा दांडाही आधीच काढून पाहावा. वर्षानुवर्षे न हललेला दांडा गंजाने नळीतच धरून बसतो, आणि तो सुटत नसेल तर जिरणारे तेल सोडून दोन-चार दिवस धीर धरावा. हातोडी मारू नये.

पोलादाच्या जातीबद्दल आपण पत्रात संकोचाने लिहिले आहे, त्याचे कारण नाही. फ्रेमवर क्रोमोलीचा, म्हणजे क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेल्या उंची पोलादाचा, शिक्का नसेल तर सीटच्या दांड्याचा व्यास पाहावा. सीटच्या नळीचा बाहेरचा व्यास साधारणपणे २८.६ मिलिमीटर असतो, त्यात २७.२ मिलिमीटरच्या आसपासचा दांडा बसत असेल तर नळीची जाडी जेमतेम पाऊण मिलिमीटर, म्हणजे पोलाद उंची आहे, आणि २५.४ चा दांडा बसत असेल तर नळी दीड मिलिमीटरहून जाड, म्हणजे पोलाद साधे आहे. मात्र सर्व जातींच्या पोलादाचा ताठरपणा जवळजवळ सारखाच असतो. साधे पोलाद ताकदीला कमी पडते म्हणून नळी जाड ठेवावी लागते, आणि फ्रेमचे वजन किलो-दीड किलोने वाढते, इतकेच. ज्या सायकलीवर पंधरा-अठरा किलो सामान चढणार आहे तिच्यासाठी या फरकावर झोप घालवू नये. तो पैसा मागच्या चाकाला लावावा. सायकलीवरच्या ओझ्याचा मोठा वाटा त्याच चाकातून जमिनीवर उतरतो, आणि वाटेत प्रवास मोडतो तो बहुधा तिथेच.

प्रश्न : सामान बांधून निघालो की दर दोन-चार दिवसांनी मागच्या चाकाची एखादी तार तुटते, तीही नेहमी साखळीच्या बाजूची. मेकॅनिक रस्त्याला दोष देतात. मागच्या खेपेस तर आसही वाकला. जाड तारा टाकाव्यात का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : रस्त्याचा दोष थोडा आहे, चाकबांधणीचा जास्त. तार एका मोठ्या धक्क्याने क्वचितच तुटते. ती थकून तुटते. चाक फिरताना जी तार सर्वांत खाली येते तिचा ताण क्षणभर कमी होतो आणि ती वर जाताच पूर्ववत होतो. मुळात ताण भरपूर असेल तर हा चढउतार तार सहज सोसते. ताण कमी असेल तर मात्र ती प्रत्येक फेरीत सैल पडते, हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याच्या, छिद्रातले तिचे वाकलेले टोक हलत राहते, आणि असंख्य फेऱ्यांनंतर नेमके तिथेच ते तुटते. म्हणून जाड तार हा उपाय नाही. पुरेसा आणि सगळीकडे सारखा ताण हा उपाय आहे. जस्ताचा मुलामा दिलेल्या जुन्या तारा काढून दोन मिलिमीटर जाडीच्या स्टेनलेसच्या नव्या तारा, छत्तीस छिद्रांची दुहेरी भिंतीची ॲल्युमिनियम रिम आणि तीन क्रॉसची गुंफण (प्रत्येक तार दुसऱ्या तीन तारांना छेदून जाणारी), एवढे असले की चाक वर्षानुवर्षे तक्रार करत नाही.

आपल्याकडे बहुतेक दुकानांत चाकाचा आऊट काढतात, म्हणजे रिम डावी-उजवीकडे लचकत नाही ना एवढे पाहतात. एखादी तार फार घट्ट आणि शेजारची सैल ठेवूनही रिम सरळ दिसू शकते, त्यामुळे ही तपासणी पुरेशी नाही. चाक तयार झाल्यावर साखळीच्या बाजूच्या तारा एकेक करून बोटाने छेडाव्यात. त्यांचा सूर जवळपास एकच लागला पाहिजे. एखादी तार बद्द वाजली तर ती सैल आहे. डाव्या बाजूच्या ताराही आपापसांत एकसुरी असाव्यात, मात्र त्यांचा सूर उजव्यांपेक्षा खालचा लागतो, कारण फ्रीव्हीलला जागा देण्यासाठी रिम हबच्या उजव्या कडेकडे सरकवलेली असते आणि डावीकडचा ताण त्यामुळे कमीच राहतो. यानंतर समांतर जाणाऱ्या तारांच्या जोड्या दोन्ही हातांत धरून जोराने आवळाव्यात. कट्कट् असा आवाज येतो, पिळलेल्या तारा मोकळ्या होतात आणि वाकलेली टोके हबवर नीट बसतात. मग पुन्हा एकदा आऊट काढावा. हे सगळे काम तुमच्या डोळ्यांसमोर करू देणारा मेकॅनिक मिळाला तर त्याला मागेल ती मजुरी द्यावी.

आस वाकण्याचे कारण वेगळे आहे. आटे पाडून हबवर चढवलेल्या बहुगिअरी फ्रीव्हीलच्या रचनेत उजवीकडचे छर्रे फ्रीव्हीलच्या आतल्या बाजूला राहतात, त्यामुळे तिथून फ्रेमच्या खाचेपर्यंतचा आसाचा तुकडा निराधार असतो आणि जड सामानाखाली वाकतो. कॅसेट पद्धतीच्या हबमध्ये छर्रे जवळजवळ फ्रेमला लागून बसतात, म्हणून चाक नव्याने बांधणारच असाल तर हबही त्या पद्धतीचे घ्यावे. त्याआधी फ्रेमच्या दोन खाचांमधले आतले अंतर मोजावे. खिट्टीच्या किंवा नटाच्या आसाच्या माउंटन हबना बहुधा १३५ मिलिमीटर लागतात. पोलादी फ्रेम काही मिलिमीटर फाकवता येते, पण ते काम जाणकाराने दोन्ही बाजू सारख्या फाकवून आणि खाचा पुन्हा समांतर करून द्यायचे असते. आणखी एक सूचना : जुन्या तारा कापण्यापूर्वी फ्रीव्हील सोडवून घ्यावे. एकदा रिम निघाली की नुसते हब हातात धरून घट्ट बसलेले फ्रीव्हील सुटत नाही.

प्रश्न : सव्वीस इंची टायर म्हणून सव्वीस गुणिले एक पूर्णांक तीन अष्टमांशचा नवा टायर आणला, तो माझ्या माउंटन सायकलच्या रिमवर बसतच नाही. दुकानदार म्हणतो, दोन्ही सव्वीसच. खरे काय?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : दोन्हींवर सव्वीस लिहिलेले असले तरी ती दोन वेगळी मापे आहेत. माउंटन सायकलच्या टायरची रुंदी दशांशात लिहिलेली असते, जसे २६ × १.७५ किंवा २६ × १.९५, आणि तो ५५९ मिलिमीटरच्या रिमवर बसतो. अपूर्णांकात लिहिलेला एक पूर्णांक तीन अष्टमांशचा टायर ५९० मिलिमीटरच्या रिमसाठी असतो आणि तो साध्या, बिनगिअरच्या सायकलींना लागतो. टायरच्या कडेला बारीक अक्षरांत ४७-५५९ असा जोडअंक शोधावा. त्यातला दुसरा आकडा जुळला की बाकी चर्चेची गरज नाही. ५५९ चे टायर आणि ट्यूब आपल्याकडे तालुक्याच्या गावीही मिळतात, आणि आडवाटेच्या प्रवासाला ही सायकल निवडण्याचे ते एक भक्कम कारण आहे. सामानासाठी १.७५ ते २ इंच रुंदीचा, मधोमध गुळगुळीत आणि कडेला थोडी नक्षी असलेला टायर घ्यावा. जाड गाठींचा टायर डांबरी रस्त्यावर फुकट दमवतो.

प्रश्न : फ्रेमला कॅरिअरसाठी छिद्रे नाहीत. गावातला वेल्डर पट्ट्या जोडून देतो म्हणाला. द्यावे का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : नळीवर वेल्डिंग अजिबात करू देऊ नये. एक मिलिमीटरपेक्षा पातळ नळीला आर्क वेल्डिंगने भोक पडू शकते, आणि भोक पडले नाही तरी तापलेल्या भागाच्या कडेला पोलाद ठिसूळ होते. क्रोमोलीत हा धोका अधिक असतो. तडा लगेच दिसत नाही. तो घाटाच्या मध्यावर दिसतो. जोडकाम करायचेच असेल तर ते मागच्या आसाच्या जाड पट्टीवर, पितळेच्या झाळकामाने आणि सायकलीच्या फ्रेमचे काम केलेल्या कारागिराकडूनच करून घ्यावे.

बहुतेक वेळा त्याची गरज पडत नाही. आपल्याकडच्या दूधवाल्यांच्या सायकली पाहा : दोन्ही बाजूंना भरलेले कॅन लटकतात आणि कॅरिअरचे पाय थेट मागच्या आसाच्या नटाखाली दाबून बसवलेले असतात. आपला आस नट-बोल्टचा असेल, झटक्यात सुटणाऱ्या खिट्टीचा नसेल, तर हीच पद्धत आपल्यालाही चालते. त्यात उणीव एवढीच की पंक्चर काढण्यासाठी चाक काढताना कॅरिअरचे पायही सुटतात. दुसरा मार्ग म्हणजे आतून रबर लावलेले, स्टेनलेसच्या पट्टीचे पी आकाराचे क्लॅम्प वरच्या बाजूला फ्रेमच्या नळ्यांवर बसवणे. वरच्या क्लॅम्पचे काम कॅरिअरला मागेपुढे झुलू न देण्याचे आहे, वजन पेलण्याचे नाही. वजन खालच्या पायांवरूनच उतरले पाहिजे. क्लॅम्पवर सगळा भार टाकलात तर ते नळीवरून हळूहळू खाली घसरतात.

कॅरिअर शक्यतो भरीव पोलादी सळईचा घ्यावा, कारण तो मोडला तर कुठल्याही गावात जोडून मिळतो. ॲल्युमिनियमचा मोडला तर ते काम करणारा माणूस शोधावा लागतो. बोल्ट पाच मिलिमीटरचे आणि चांगल्या प्रतीचे असावेत, नट आत नायलॉनचे कडे असलेले असावेत, आणि बोल्टचे टोक नटाच्या बाहेर दोन-तीन आटे तरी दिसले पाहिजे. हादऱ्याने आधी बोल्ट सैल होतो, मग तो खाचेत हलू लागतो आणि शेवटी तुटतो. तुटका तुकडा फ्रेमच्या आट्यांतच अडकून राहिला तर तो काढताना फार त्रास होतो, म्हणून प्रवासात रोज सकाळी निघण्यापूर्वी हे चार बोल्ट हाताने हलवून पाहायची सवय लावावी.

प्रश्न : माझे वजन ७० किलो, सायकल १७ किलो आणि सामान १८ किलो. पुढे ४८-३८-२८ आणि मागे १४ ते २८ दात्यांचे गिअर आहेत. वरंध घाट बसून चढता येईल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आपण आकडे दिलेत म्हणून हिशेबच मांडू. एकूण वजन १०५ किलो. शंभर मीटरला सात मीटर असा चढ धरला आणि टायरचा विरोध मिळवला, तर ताशी सहा किलोमीटरच्या वेगालाही सुमारे १३५ वॉट शक्ती सतत द्यावी लागते. नेहमी सायकल चालवणाऱ्या पण स्पर्धेत न उतरणाऱ्या माणसाला तासभर टिकवता येईल अशी ही साधारण मर्यादा आहे. म्हणजे अशा चढावर आपला वेग ताशी सहाच्या आसपास राहणार, हे आधी मान्य करावे. गिअर बदलून वेग वाढणार नाही, पण गुडघे वाचतील.

सव्वीस इंची चाक एका फेरीत सुमारे २.०५ मीटर जाते. आपल्या सर्वांत हलक्या गिअरमध्ये पुढे २८ आणि मागे २८ दाते आहेत, त्यामुळे पेडलच्या एका फेरीत तेवढेच अंतर कापले जाते, आणि ताशी सहाच्या वेगाला मिनिटाला जेमतेम ४९ फेऱ्या पडतात. इतक्या संथ फेऱ्यांत प्रत्येक वेळी जोर लावावा लागतो. मागे ३४ दात्यांचे फ्रीव्हील टाकले तर त्याच वेगाला ५९ फेऱ्या होतात, आणि पुढचे लहान चेनव्हीलही २२ चे केले तर ७५. या शेवटच्या जोडीवर माणूस बसून, श्वास न फुलवता चढू शकतो. मोठे चेनव्हील ४२ चे ठेवले तरी मागच्या १४ बरोबर मिनिटाला ८० फेऱ्यांनी ताशी तीस किलोमीटरच्या आसपास जाता येते. सामान लादलेल्या सायकलीला सपाटीवर याहून जास्त वेग लागत नाही. ४८ चे चेनव्हील या कामात निव्वळ ओझे आहे.

अडचण अशी की स्वस्त सायकलींत तिन्ही चेनव्हील रिव्हेटने कायमची जोडलेली असतात आणि सुटी बदलता येत नाहीत, तेव्हा पूर्ण क्रँकसेटच बदलावा लागतो. क्रँक एकसंध वाकवलेल्या सळईचा असेल तर फ्रेमचे तिथले भोक मोठे आणि बिनआट्यांचे असते, त्यासाठी जोडकडे मिळते का ते आधी पाहावे. कपांचा जुना बीबी सेट, म्हणजे पेडलचा आस आणि त्याचे छर्रे, काढताना उजव्या बाजूच्या कपाचे आटे उलटे असतात हे मेकॅनिकला माहीत असल्याची खात्री करावी. चुकीच्या दिशेने पाना लावून फ्रेमचे आटे गेलेल्या सायकली दुर्मीळ नाहीत. ३४ दात्यांसाठी मागचा डिरेलर, म्हणजे साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग, लांब पिंजऱ्याचा हवा, आणि साखळी पुढच्या-मागच्या दोन्ही मोठ्या चक्रांवर एकाच वेळी चढू शकेल एवढी लांब हवी. जुनी साखळी बारा इंचांच्या मापात एक अष्टमांश इंच वाढलेली असेल तर तिने फ्रीव्हीलचे दातेही खाल्लेले असतात, तेव्हा दोन्ही एकदम बदलावे. हँडलवरचा बिनटप्प्यांचा जुना अंगठ्याचा शिफ्टर मात्र फेकू नये. तो कुठल्याही फ्रीव्हीलबरोबर जुळतो आणि वाटेत डिरेलर थोडा वाकला तरी काम देतो.

प्रश्न : रिम चकचकीत क्रोमच्या आहेत. पावसात आंबा घाट उतरताना ब्रेक दाबूनही सायकल थांबेना, फार घाबरलो. कोणते ब्रेक बसवू?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : आधी रिम बदलाव्यात. क्रोम चढवलेल्या पोलादी रिमवर पाण्याचा थर बसला की ब्रेकचे रबर नुसते घसरते; ब्रेक कितीही चांगला लावला तरी हा दोष जात नाही. ॲल्युमिनियमची रिम ओली असतानाही एक-दोन फेऱ्यांत पकड देते. ज्याला कोकणात सामानासह उतरायचे आहे त्याने पोलादी रिमवर एक दिवसही काढू नये, हे मी आग्रहाने सांगतो.

फ्रेमवर आणि पुढचे चाक धरणाऱ्या चिमट्यावर कँटिलिव्हर ब्रेकच्या खुंट्या असतील तर त्यांवर लांब भुजांचा व्ही-ब्रेक सरळ बसतो. त्याबरोबर लिव्हरही व्ही-ब्रेकचेच घ्यावेत, कारण त्यांना कँटिलिव्हरच्या जवळपास दुप्पट केबल खेचावी लागते. जुने लिव्हर ठेवले तर ते हँडलला टेकतात आणि ब्रेक पुरेसा लागत नाही. केबल आणि तिचे आवरण नवे टाकावे. रबरात रुतलेले धातूचे कण दर दोन-तीन दिवसांनी टोकदार वस्तूने काढावेत, नाहीतर ते रिम खरवडत राहतात.

१०५ किलो वजन सह्याद्रीच्या माथ्यावरून सहाशे मीटर खाली आणताना सहा लाख ज्यूलहून अधिक ऊर्जा जिरवावी लागते. दोन लिटर पाणी उकळीला आणायला साधारण तेवढी लागते. त्यातली काही हवेच्या विरोधात जाते, पण तीव्र उतारावर ब्रेक सतत हलकेच धरून ठेवला तर बरीचशी रिममध्ये साठते, टायरमधल्या हवेचा दाब वाढतो आणि टायर रिमवरून उडूही शकतो. म्हणून वळणापूर्वी दोन्ही ब्रेक ठामपणे लावून वेग उतरवावा आणि मग सोडून द्यावा, म्हणजे मधल्या वेळात रिम निवते. फार तीव्र घाटात मध्येच थांबावे, आणि थांबल्यावर रिमला लगेच हात लावू नये.

प्रश्न : माझ्या पोलादी फ्रेमला पुढे शॉक आहे. तो ठेवावा का? आणि रेसिंग सायकलसारखे वळणदार हँडल लावावे का?
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : शॉक काढून साधा पोलादी चिमटा बसवावा. वजन कमी होते, पुढचा कॅरिअर लावता येतो आणि बिघडणारा एक भाग कमी होतो. मात्र जुन्या शॉकची आसापासून माथ्यापर्यंतची लांबी मोजावी, आपण बसल्यावर तो जितका दबतो तितकी त्यातून वजा करावी आणि त्याच मापाचा चिमटा शोधावा. दोन सेंटिमीटरचा फरक पडला तर हँडलच्या नळीचा कोन सुमारे एक अंशाने बदलतो आणि सायकलीचे वळणे बिघडते. नळीचा व्यास आणि ती आट्यांची आहे की बिनआट्यांची, हेही जुळले पाहिजे.

हँडल सरळच ठेवावे. वळणदार हँडलचे बहुतेक लिव्हर व्ही-ब्रेकला पुरेशी केबल खेचत नाहीत, गिअरचे शिफ्टर बदलावे लागतात, आणि माउंटन फ्रेमची वरची नळी आधीच लांब असल्याने माणूस फार पुढे ओणवा होतो. सरळ हँडलच्या टोकांना शिंगे लावली आणि ते सीटच्या उंचीला आणले की हात ठेवायला पुरेशा जागा मिळतात.

प्रश्न : खाऱ्या हवेत पोलादी फ्रेम किती टिकेल?
— एक वाचक, मालवण

उत्तर : बाहेरून दिसणाऱ्या गंजापेक्षा आतल्या गंजाची काळजी घ्यावी. सीटच्या दांड्याच्या फटीतून पाणी उतरते आणि पेडलच्या आसापाशी साठते. बीबी सेट काढलेला असतानाच त्या जागेच्या खालच्या बाजूला पाणी निघून जाण्याचे छिद्र आहे ना आणि ते बुजलेले नाही ना, हे पाहावे. नंतर नळ्यांत गंजरोधक तेल ओतून फ्रेम सर्व बाजूंनी फिरवावी आणि रात्रभर उलटी टांगून ठेवावी. सीटचा दांडा, बीबीचे कप आणि प्रत्येक बोल्ट ग्रीस लावूनच बसवावा. आगरदांडा-दिघी, वेश्वी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड अशा फेरीबोटींवर सायकल नेल्यास त्या संध्याकाळी गोड्या पाण्याचे ओले फडके संपूर्ण सायकलीवरून फिरवावे आणि साखळीला पुसून तेल द्यावे. रंग उडालेल्या जागी गंज खरवडून प्रायमर आणि रंगाचा हात द्यावा. एवढे केले तर मालवणातही फ्रेम तुम्हाला पुरून उरेल.

प्रश्न : सगळे सामान मागे बांधले की चढावर पुढचे चाक उचलल्यासारखे होते आणि उतारावर हँडल थरथरते. काय करावे?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : बसलेल्या माणसाच्या वजनाचा मोठा वाटा आधीच मागच्या चाकावर असतो, त्यात सगळे सामान मागे टाकले की पुढचे चाक हलके पडते. साधारण एक तृतीयांश सामान पुढे, चिमट्याच्या दोन्ही बाजूंना आसाच्या उंचीवर लटकणाऱ्या लहान पिशव्यांत न्यावे. हँडलवर जड पिशवी बांधू नये. मागच्या पिशव्यांत तांदूळ, अवजारे, चूल अशा जड वस्तू तळाशी आणि कॅरिअरला लागून ठेवाव्यात, वर कपडे. कॅरिअरच्या माथ्यावर तंबू किंवा अंथरूण यांपलीकडे काही नको. डाव्या-उजव्या पिशव्या साध्या ताणकाट्यावर तोलून सारख्या कराव्यात. मागच्या टायरमध्ये पुढच्यापेक्षा जास्त हवा असावी, १.७५ च्या टायरला मागे पन्नास ते पंचावन्न आणि पुढे चाळीस-पंचेचाळीस पीएसआयच्या आसपास, पण टायरवर लिहिलेली कमाल मर्यादा ओलांडू नये.

हँडल तरीही थरथरले तर त्याचा बॉलरेस (हँडलच्या नळीतली छर्ऱ्यांची बैठक) सैल आहे का पाहावे : पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवली असता हँडलच्या नळीपाशी खटखट जाणवली, तर तो सैल आहे. नंतर कॅरिअरचे सांधे तपासावेत, कारण झुलणारा कॅरिअर संपूर्ण फ्रेम हलवतो. निघण्याच्या दोन आठवडे आधी पूर्ण सामानासह एक रात्र बाहेर काढता येईल अशी, एखादा लहान घाट असलेली फेरी करावी. परतल्यावर मागच्या चाकाच्या तारा पुन्हा छेडून पाहाव्यात, आऊट काढावा आणि कॅरिअरचे सर्व बोल्ट आवळावेत. नव्या तारा पहिल्या शंभरेक किलोमीटरमध्येच थोड्या बसतात, म्हणून हे काम प्रवासाच्या आदल्या दिवसावर ठेवू नये.